सायबेस मॅच प्ले स्पर्धा (२०१०–२०१२) : महिला व्यावसायिक गोल्फमधील एक अल्पजीवी प्रयोग

गोल्फमध्ये विजेता ठरविण्याच्या दोन पद्धती आहेत. 'स्ट्रोक प्ले'मध्ये सर्व फेऱ्यांतील फटक्यांची बेरीज होते व सर्वांत कमी फटके घेणारी खेळाडू जिंकते. 'मॅच प्ले'मध्ये दोघीच समोरासमोर असतात. प्रत्येक होल हा स्वतंत्र डाव मानला जातो आणि अधिक होल जिंकणारी पुढे जाते. एका होलवर दहा फटके लागले, तरी नुकसान एका होलचेच होते. ही दुसरी पद्धत अधिक नाट्यमय असूनही व्यावसायिक दौऱ्यांवर पहिलीचेच वर्चस्व आहे. अमेरिकेतील एलपीजीए या महिला गोल्फपटूंच्या संघटनेने (स्थापना १९५०) मॅच प्लेसाठी भरविलेली सायबेस स्पर्धा तीनच वर्षे चालली. तिच्या अल्पायुष्याची मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

या स्पर्धेला एक पूर्वपीठिका होती. २००५ मध्ये एचएसबीसी बँकेच्या प्रायोजकत्वाखाली न्यू जर्सीतील हॅमिल्टन फार्म येथे महिलांची जागतिक मॅच प्ले स्पर्धा सुरू झाली. एकूण पारितोषिक २० लाख डॉलर, तर विजेतीस ५ लाख डॉलर होते. पहिल्याच वर्षी कोलंबियाची मारिसा बाएना विजयी झाली; एलपीजीए दौऱ्यावरील तिचे हे एकमेव विजेतेपद. २००६ मध्ये ब्रिटनी लिन्सिकमने मिशेल वी, लोरेना ओचोआ आणि अंतिम सामन्यात ज्युली इंकस्टर यांना नमविले. खेळाच्या दृष्टीने हे रोमहर्षक होते. परंतु नामवंत खेळाडू शेवटच्या दिवसापूर्वीच बाहेर पडणे दूरचित्रवाणी व प्रायोजक यांना परवडत नाही. २००७ नंतर ही स्पर्धा बंद झाली. बँकेने २००८ पासून सिंगापूर येथे नवी स्पर्धा भरविली, ती स्ट्रोक प्ले पद्धतीची.

आर्थिक मंदीमुळे एलपीजीएच्या स्पर्धांची संख्या २००८ मधील ३४ वरून २०१० मध्ये २४ वर आली. अशा काळात सायबेस या सॉफ्टवेअर कंपनीने आपली पूर्वीची स्ट्रोक प्ले स्पर्धा बदलून हॅमिल्टन फार्म येथेच मॅच प्ले भरविण्याचे धाडस केले. ६४ खेळाडू, सहा फेऱ्या, चार दिवस आणि एकूण १५ लाख डॉलर असे तिचे स्वरूप होते. अंतिम चौघींपर्यंत पोहोचणारीस शेवटचे दोन दिवस प्रत्येकी दोन सामने खेळावे लागत. २०१० मध्ये दक्षिण कोरियाची सन यंग यू, तर २०११ मध्ये क्रिस्टी करला हरवून नॉर्वेची सुझान पेटरसन विजेती ठरली.

२०१२ ची स्पर्धा मात्र विजेतीपेक्षा एका निर्णयामुळे लक्षात राहिली. उपान्त्य सामन्यात मॉर्गन प्रेसेलने बारावा होल जिंकून अझाहारा मुन्योझवर तीन होलांची आघाडी घेतली. तेराव्या होलकडे जात असता पंचांनी तिला संथ खेळाबद्दल दंड झाल्याचे कळविले. एका फटक्यास ३० सेकंद या हिशेबाने तीन फटक्यांना ९० सेकंद मिळत. तिने १२९ घेतले होते. स्ट्रोक प्लेमध्ये हा दंड तेव्हा दोन फटक्यांचा असे. मॅच प्लेमध्ये होलच गमवावा लागे, म्हणजे जिंकलेला होल हरलेला ठरे आणि आघाडी एकदम दोनने घटे. तीनची आघाडी एकवर आली. पुढे मुन्योझने सामना जिंकला व त्याच दिवशी अंतिम सामन्यात कँडी कुंगला हरवून विजेतेपदही मिळविले. नियम योग्यच लागू झाला होता. तथापि तोच नियम दोन पद्धतींत किती भिन्न वजनाचा ठरतो, हे क्वचितच इतके स्पष्ट दिसले असेल.

ही स्पर्धा २०१२ नंतर झाली नाही. पहिलीच स्पर्धा मे २०१० मध्ये भरली, त्याच महिन्यात जर्मनीच्या एसएपी कंपनीने सायबेस विकत घेण्याचा सुमारे ५.८ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला होता. ज्या नावाच्या प्रसिद्धीसाठी स्पर्धा होती, ते नावच दुसऱ्या कंपनीत विलीन होऊ लागले होते. एकाच प्रायोजकावर उभ्या असलेल्या स्पर्धेचे हे दौर्बल्य पुरुषांच्या गोल्फमध्येही आढळते. मात्र महिलांच्या दौऱ्यावर त्याची झळ अधिक बसते, कारण तेथे पर्यायी प्रायोजक थोडे असतात.

एलपीजीएची मॅच प्ले स्पर्धा २०२१ मध्ये लास व्हेगसच्या शॅडो क्रीक मैदानावर भरली, ती बदललेल्या रूपात. चार-चार खेळाडूंचे गट करण्यात आले. त्यामुळे पहिला सामना हरलेली खेळाडूही त्याच दिवशी घरी परतत नव्हती.