अपघातानंतरचे कर्तव्य

घरोघर माल पोहोचविणाऱ्या वाहनचालकास वेळेचे बंधन असते. तथापि मार्गात अपघात घडल्यास त्याने प्रथम वाहन थांबवावे. माल मागाहूनही पोहोचेल. गेलेला प्राण परत येत नाही. जखमी मनुष्यास वैद्यकीय मदत मिळवून देणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्य ठरविले आहे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. त्यानंतर शक्य तितक्या लवकर, निदान २४ तासांच्या आत, त्याने पोलिसांस खरी हकिकत सांगावी. विमा कंपनीस व मालकासही कळवावे. कारण कामावर असताना झालेल्या इजेबद्दल नोकरास भरपाई मागता येते. स्वतःची दुखापत किरकोळ भासली, तरी ती डॉक्टरांस दाखवावी. भीतीने पळून जाणे हा गुन्हा आहे. धीराने थांबण्यात माणुसकी आहे.