गरोदरपणात वजन किती वाढावे?

भगिनींनो, वस्तीत गरोदर बाईला दोन उलटे सल्ले मिळतात. एक शेजारीण म्हणते, "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." दुसरी म्हणते, "कमी खा, नाहीतर बाळ मोठे होईल आणि सिझर करावे लागेल." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दुसरा जास्त घातक, कारण आम्ही पाहतो त्यातल्या अनेक बायका मुळातच अशक्त असतात. उपाशी राहून बाळंतपण सोपे होत नाही. बाळ मात्र अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मू शकते. असे बाळ लवकर गार पडते, त्याला दूध ओढायला ताकद नसते आणि त्याला आजार लवकर गाठतात.

वाढलेले वजन जाते कुठे? साधारण ३ किलो बाळाचे. वार, गर्भजल आणि वाढलेली गर्भपिशवी मिळून अडीच किलो. अंगातले वाढलेले रक्त व पाणी अडीच ते तीन किलो. उरलेले तीन-साडेतीन किलो म्हणजे स्तनांची वाढ आणि पुढे दूध तयार होण्यासाठी शरीराने साठवलेली चरबी. बेरीज ११-१२ किलोंवर जाते.

म्हणूनच दवाखान्यात साधारण १० ते १२ किलो वाढ सांगतात. पण दिवस राहण्याआधीचे वजन पाहून हा आकडा बदलतो. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी, असेल तर ढोबळ हिशेब असा:

- आधीचे वजन ४२ किलोपेक्षा कमी: साडेबारा ते १८ किलो वाढ हवी.
- ४२ ते ५६ किलो: साडेअकरा ते १६ किलो.
- ५६ ते ६७ किलो: ७ ते साडेअकरा किलो.
- ६७ किलोच्या वर: ५ ते ९ किलो.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढ पुरते. उलट्यांमुळे एखादा किलो कमीही होतो. चौथ्या महिन्यापासून मात्र महिन्याला दीड ते दोन किलो वाढायला हवे. अंगाने जाड बाईला याहून कमी.

वजन का वाढत नाही? बाई सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते, हे पहिले कारण. शिवाय पाण्याचे हंडे, धुणीभांडी, उभ्याने मजुरी. दोन बाळंतपणांत कमी अंतर. अंगात रक्त कमी. घरातली मारहाण व ताण. मिश्री आणि तंबाखूने भूक मरते आणि बाळाची वाढही खुंटते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी कराच.

दुप्पट खाण्याची गरज नाही. चौथ्या महिन्यापासून रोजच्या जेवणात एक जादा भाकरी, वाटीभर डाळ-उसळ आणि मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे घातले तरी बरीच गरज भागते. जमेल तेव्हा अंडे, सुकट, पालेभाजी, शेवगा. रक्तदाब वाढलेला असेल तर खारवलेली सुकी मासळी टाळा. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज घ्या, पण चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन्ही गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळले तर लोह अंगी लागते.

वजन एकदम वाढले तर? आठवड्यात एक-दोन किलो चढले, तोंड-हात सुजले, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर थांबू नका. हा रक्तदाबाचा धोका असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदरपणातली साखरेची तपासणीही चुकवू नका.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. आपल्या घरात ती मिळते का? सासूबाईंनी आणि नवऱ्याने हंडा उचलावा, दुपारी तिला दोन तास आडवे होऊ द्यावे, ताट तिला आधी वाढावे. अंगणवाडीचा शिधा तिच्या नावाने येतो, तो तिच्याच पोटात जावा.

पात्र बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. आशाताईंकडे अर्ज भरा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

आज माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि शेवटची दोन वजने शेजारी ठेवून पाहा. चौथ्या महिन्यानंतर महिनाभरात काटा हललाच नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता नर्सबाईंना दाखवा.