चोळ राज्याचा ऱ्हास : इतिहासाच्या पाठासाठी

चोळ घराण्याचा पाठ घेताना पहिला राजराज (९८५–१०१४), त्याचा पुत्र राजेंद्र, तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि श्रीविजयावरील आरमारी स्वारी यांचे वर्णन आपण रंगून करितो. मात्र ‘१२७९ मध्ये चोळ सत्ता संपली’ एवढे वाक्य फळ्यावर लिहून पाठ आटोपतो आणि हे बलाढ्य राज्य एका लढाईत कोसळले, असा मुलांचा समज होऊन बसतो. तो दूर करणे आवश्यक आहे.

ऱ्हासाचे बीज राज्यातच होते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठिकठिकाणचे सामंत शिरजोर झाले. तिसऱ्या कुलोत्तुंगाच्या कारकिर्दीतील काही शिलालेखांत या सामंतांनी आपसांत केलेले करार आढळतात. आपण एकमेकांची साथ सोडणार नाही, असे ते परस्परांस वचन देत. राजाच्या छत्राखाली राहणाऱ्यांना परस्परांचा आधार शोधावा लागावा, यातच राजसत्तेची दुर्बलता दिसून येते.

पुढे १२१६ च्या सुमारास मदुरेच्या मारवर्मन सुंदर पांड्याने चोळमंडळावर स्वारी करून तंजावर व उरैयूर ही नगरे जाळली. कुलोत्तुंगास राजधानी सोडून पळावे लागले. नंतर तो शरण आला, तेव्हा पांड्याने त्याचे राज्य त्यास परत दिले आणि आपल्या बिरुदांत ‘चोळ देश देणारा’ असे एक बिरुद वाढविले!

त्यानंतरचा तिसरा राजराज तर १२३१ मध्ये आपल्याच एका सामंताचा, काडव कुळातील कोप्पेरुंजिंगाचा, बंदी झाला. सेंदमंगलमच्या किल्ल्यात त्यास कोंडण्यात आले. त्याची सुटका चोळ सैन्याने केली नाही. ती होयसळ राजा दुसरा नरसिंह याच्या सेनापतींनी केली. देवगिरीच्या यादवांनी उत्तरेकडील मुलूख घेतल्यावर होयसळांचे लक्ष दक्षिणेकडे वळले होते, हेही येथे लक्षात घ्यावे. सुटकेची हकीकत तिरुवेंदिपुरमच्या शिलालेखात कोरलेली आहे. नरसिंहाचे बिरुद होते ‘चोळ राज्याची प्रतिष्ठापना करणारा’.

ही दोन बिरुदे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि मग विद्यार्थ्यांस विचारावे : जे राज्य एकजण ‘देतो’ आणि दुसरा ‘स्थापन करितो’, ते खरे कोणाचे? पाचवी-सहावीची मुले याचे उत्तर स्वतःच देतील. शिक्षकाने घाई करू नये. सोबत दक्षिण हिंदुस्थानचा नकाशा असल्यास मदुरा, तंजावर व होयसळांचे द्वारसमुद्र ही स्थळे मुलांकडूनच शोधवून घ्यावीत, म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेले कावेरीचे खोरे त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहील.

शेवटचा राजा तिसरा राजेंद्र याने हातपाय हलविले खरे. पण १२५१ मध्ये गादीवर आलेल्या जटावर्मन सुंदर पांड्यापुढे त्याचा निभाव लागला नाही व त्यास खंडणी द्यावी लागली. १२७९ नंतर त्याच्या राजवटीचा उल्लेख आढळत नाही.