भाडे लांबले, माफ झाले नाही

कोरोनाच्या टाळेबंदीत, २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला: भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये, खोली सोडायला भाग पाडल्यास कारवाई होईल. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना दिली. पुढे ढकलण्याची, माफ करण्याची नव्हे. रोजंदारी बुडालेल्यांच्या डोक्यावर थकबाकी साचतच राहिली.

संसर्ग टाळण्यासाठी अंतर राखण्याचा प्रश्न त्याहून बिकट. धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहत असतील, तर तापाने फणफणलेल्या माणसाला वेगळे निजवायचे कुठे? शौचालय सार्वजनिक; दाराची कडी, नळ यांना सगळ्यांचेच हात लागणार. मुंबई महापालिकेने हे ओळखून गृहविलगीकरणाचा आग्रह सोडला. शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. त्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

भाड्याच्या प्रश्नावर पुढे जून २०२१मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी बोलीवर राहू नका, नोंदणीचा आग्रह धरा.