दांडगाईच्या वयातला कुत्रा

संध्याकाळी कार्यालयातून परतावे, दाराचे कुलूप उघडावे आणि दिवाणखान्यात कापसाचा सडा पडलेला दिसावा. सोफ्याच्या उशीची चिरफाड झालेली, चपलेचा अंगठा बेपत्ता, टीव्हीच्या रिमोटची बटणे चघळून सपाट झालेली आणि या साऱ्या पसाऱ्याच्या मध्यभागी शेपटी हलवत उभा असलेला आठ-नऊ महिन्यांचा लॅब्रॅडॉर. मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबांना हे दृश्य अपरिचित नाही. चार महिन्यांपूर्वी हेच पिलू हाक मारताच धावत येई, 'बस' म्हटले की बसे आणि सोसायटीतील मुले त्याला उचलून घेण्यासाठी भांडत. आता ते हाकेला वळूनही पाहत नाही आणि जिन्यात भेटणाऱ्या आजोबांच्या छातीवर पुढचे पाय टाकते. 'याला एखाद्या फार्महाऊसवर देऊन टाकू या', हे वाक्य अनेक घरांत पहिल्यांदा उच्चारले जाते ते याच सुमारास.

कुत्र्याचे बालपण फार लवकर सरते. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे २८ दात जाऊन ४२ पक्के दात आलेले असतात. त्याच सुमारास शरीरात लैंगिक संप्रेरकांचा संचार सुरू होतो. जबडा, पाय आणि फुप्फुसे जवळजवळ मोठ्या कुत्र्याची होतात. मात्र आवेग आवरण्याची शक्ती मागे राहिलेली असते. लहान चणीच्या जातींत ही अवस्था वर्षाच्या आसपास ओसरते, मोठ्या जातींत ती दीड ते दोन वर्षांपर्यंत लांबते. घरातील दहावी-बारावीच्या मुलाकडे पाहून जी सहनशीलता पालक दाखवतात, तिची गरज येथेही असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

ही तुलना केवळ गमतीची नाही. ब्रिटनमध्ये अंध व्यक्तींना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा ल्यूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या वयात जे कुत्रे आपल्या सांभाळकर्त्याने सांगितल्यावर मुकाट बसत, तेच आठ महिन्यांच्या वयात त्याच आज्ञेकडे काणाडोळा करू लागले. विशेष म्हणजे, तीच आज्ञा अनोळखी माणसाने दिली तेव्हा असा बिघाड आढळला नाही. सांभाळकर्त्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतही शिकवण्यास सर्वांत अवघड वय आठ महिन्यांचेच दिसले. वर्षाचे होता होता गाडी पुन्हा रुळावर येत होती. शेजाऱ्याचे ऐकणारा कुत्रा घरच्यांचे ऐकत नाही, ही तक्रार त्यामुळे खरी असू शकते. पण तो शिकलेले विसरला किंवा बिघडला, असा तिचा अर्थ नव्हे.

मोडतोडीचे दुसरे कारण वयात नसून वंशात आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांची आणि दोरांची ने-आण करीत. पुढे ब्रिटनमध्ये शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी ही जात जोपासली गेली. जर्मन शेफर्ड मेंढ्यांच्या कळपांमागे दिवस-दिवस चाले. बीगल सशाच्या वासावर मैलोन् मैल धावे, तर सैबेरियन हस्की बर्फावरून घसरगाडी ओढीत असे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या आपल्या देशी पिलाच्या रक्तातही गल्लीची राखण आणि अन्नाचा शोध असतोच. अशा कामसू प्राण्याला दोन खोल्यांच्या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कोंडून ठेवायचे आणि तो स्वस्थ बसत नाही म्हणून आश्चर्य करायचे, याला काय म्हणावे? तोंडात वस्तू धरून फिरणे हा लॅब्रॅडॉरचा दोष नाही, तो त्याचा पिढीजात पेशा आहे. चप्पल केवळ हाताशी, किंबहुना दाताशी, सापडते इतकेच.

यावर सर्वांत प्रचलित सल्ला म्हणजे 'त्याला भरपूर पळवा, दमला की गप्प पडेल'. यात तथ्य आहे, पण अर्धेच. रोज तासभर चेंडूमागे धावणारा कुत्रा महिन्याभरात खेळाडूसारखा तयार होतो आणि त्याला दमवण्यासाठी मग दीड तास लागतो. वारंवार चेंडू फेकल्याने काही कुत्रे शांत होण्याऐवजी अधिकच उत्तेजित होतात आणि घरी आल्यावरही त्यांचे भिरभिरणे थांबत नाही. शिवाय मोठ्या जातींच्या हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कोवळा भाग पक्का होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. त्यापूर्वी स्कूटरला किंवा सायकलला बांधून पळवणे (आणि हा प्रकार पहाटेच्या रस्त्यांवर सर्रास दिसतो) सांध्यांना घातक ठरू शकते. आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. एप्रिल-मे महिन्यांत फिरणे उजाडताच उरकावे. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

मग उरलेल्या ऊर्जेचे करायचे काय? उत्तर बरेचसे कुत्र्याच्या नाकात आहे. फिरायला नेल्यावर कुत्रा दर दहा पावलांवर थांबून खांब, झुडूप, मोटारीचे चाक हुंगत बसतो आणि घाईत असलेला मालक, किंवा पगारी फिरवणारा मुलगा, त्याला पट्ट्याने ओढत पुढे नेतो. वास्तविक कुत्र्याच्या दृष्टीने फिरण्याचा मुख्य लाभ तोच असतो. तेथून कोण गेले, केव्हा गेले, आजारी होते की माजावर, ही सारी वार्तापत्रे तो वाचत असतो आणि हे वाचन मेंदूला थकवणारे असते. शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ च्या प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधण्याचा सराव दिला गेला, तर इतरांना मालकाच्या पायाशी चालण्याचा. पहिल्या गटातील कुत्रे नंतर अनिश्चित परिस्थितीला अधिक आशेने सामोरे जाताना आढळले. तेव्हा पाऊण तासाच्या फेरीतील निदान वीस मिनिटे लांब पट्टा सैल सोडून कुत्र्याच्या मर्जीने चालावे. अंतर कमी पडले तरी चालेल.

घरातही हे काम देता येते आणि त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. त्याचे जेवण भांड्यात ओतून देण्याऐवजी इडलीपात्राच्या वाट्यांत दाणे टाकावेत आणि प्रत्येक वाटीवर एकेक चेंडू ठेवावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यांत खाऊ लपवावा. खोके फाडण्याची मुभा असावी, कारण फाडणे हीच तर त्याची हौस आहे. पोकळ, टणक रबरी खेळण्यात दहीभात भरून ते फ्रीजरमध्ये गोठवले तर चाटून संपवायला त्याला बराच वेळ लागतो. चाटणे आणि चघळणे या दोन्ही क्रियांनी कुत्रा शांत होतो. घरातील माणसे बाहेर पडण्याच्या वेळी हे खेळणे हाती दिल्यास निरोपाचा तो बिकट क्षणही सुसह्य होतो. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघून त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात.

पाऊस लागला की फिरणे चुकते आणि चौथ्या दिवशी घराची रणभूमी होते. अशा वेळी पाच-पाच मिनिटांचे धडे उपयोगी पडतात : दारात थांबणे, चटईवर जाऊन बसणे, तोंडातली वस्तू 'सोड' म्हणताच सोडणे. सोडलेल्या वस्तूच्या बदल्यात त्याहून चांगले काही मिळते, हे त्याच्या मनावर ठसले पाहिजे. मोजा पळवला म्हणून घरभर पाठलाग केला, तर कुत्र्याच्या लेखी तो दिवसातला सर्वांत रंगतदार खेळ ठरतो. शिवाय पकडले जाण्याच्या भीतीने तो मोजा गिळूही शकतो आणि आतड्यात अडकलेला मोजा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेतो. औषधांच्या पट्ट्या, उंदराचे विष, चॉकलेट आणि मनुका त्याच्या पोहोचेबाहेर ठेवणे ही शिकवणीची नव्हे, घर आवरण्याची बाब आहे. जे हाती लागत नाही त्याची मोडतोड होत नाही. चपला कपाटात गेल्या की अर्धी भांडणे मिटतात.

विश्रांतीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मोठा कुत्राही दिवसाचे निम्म्याहून अधिक तास झोपतो. संध्याकाळी मुले शाळेतून, शिकवणीतून येतात, पाहुणे येतात, टीव्ही चालू असतो आणि पिलू अखंड जागे राहते. रात्री आठच्या सुमारास ते सोफ्यावरून उड्या मारू लागते, पायजम्याचा घोळ ओढते, घोट्याला दात लावते. घरच्यांना वाटते की अजून दम उरला आहे. प्रत्यक्षात ते पेंगुळलेल्या तान्ह्या मुलासारखे किरकिरत असते. त्याला पुन्हा खाली पळवायला नेण्याऐवजी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन बसवून पाहावे.

शिक्षेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. फाटकी उशी कुत्र्याच्या नाकाशी नेऊन त्याला रागावले की तो कान पाडतो, नजर चुकवतो आणि 'बघा, त्याला आपली चूक कळते' असा निष्कर्ष निघतो. होरोविट्झ यांनीच २००९ मध्ये याची परीक्षा घेतली होती. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याविषयी काही फेऱ्यांत मालकांना मुद्दाम चुकीची माहिती दिली गेली. कुत्र्याचा 'अपराधी' चेहरा त्याने खरोखर चोरी केली होती का, यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे, निरपराध कुत्र्याच्याही बाबतीत. ती कबुली नव्हे, समोरच्याचा राग निवळावा म्हणून केलेली धडपड असते. दुपारी फाडलेल्या उशीसाठी संध्याकाळी मार खाल्लेला कुत्रा एवढेच शिकतो की, दार उघडून येणारा माणूस धोकादायक असतो.

'मालक कोण ते दाखवून द्या' या उपदेशाचेही तसेच आहे. कुत्र्याला उताणे दाबून धरणे, गळा आवळणारी साखळी वापरणे यांचे समर्थन लांडग्यांच्या कळपातील म्होरक्याच्या कल्पनेवरून केले जाते. ती कल्पना १९७० च्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी पुढे स्वतःच ती दुरुस्त केली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते, असे त्यांनी १९९९ मध्ये मांडले. उपदेश मात्र पन्नास वर्षे जुनाच दिला जातो.

कंटाळलेल्या कुटुंबाचा पुढचा उपाय म्हणजे बाल्कनीत साखळी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे ११ वे कलम याबाबत अनपेक्षितपणे नेमके आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे आणि सबळ कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे हाही. पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. वचक किती बसतो हे सांगायला नको.

प्रत्येक मोडतोड वयामुळेच होते असे नाही. विध्वंस केवळ घर रिकामे असताना होत असेल, ओरखडे आणि दातांच्या खुणा मुख्य दारावर किंवा खिडकीपाशीच असतील, सोबत लाळेचे थारोळे आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणारे रडणे असेल, तर तो एकटेपणाचा भयगंड समजावा. जुना मोबाइल खोलीत चित्रीकरणासाठी चालू ठेवून गेल्यास पहिल्या अर्ध्या तासातच उलगडा होतो. अशा कुत्र्याला जास्त व्यायामाने गुण येत नाही. एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवत न्यावी लागते आणि पशुवैद्याची मदत घ्यावी लागते.

तरीही काही घरांत जमत नाही. बदली होते, आजारपण येते, घरात तान्हे मूल येते. अशा वेळी रात्री मोटारीतून नेऊन दूरच्या नाक्यावर सोडलेल्या कुत्र्याचे काय होते, हे प्राणिमित्र संस्थांचे कार्यकर्ते जाणतात : त्या गल्लीतले कुत्रे त्याला टिकू देत नाहीत, वाहतुकीतून वाट काढणे त्याला ठाऊक नसते आणि तो जागच्या जागी मालकाची वाट पाहत बसतो. दुसरे घर शोधायचे तर राजरोस शोधावे आणि कुत्र्याविषयी खरे सांगावे. तो किती वेळ एकटा राहू शकतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, कोणत्या आज्ञा जाणतो आणि आजवर त्याने काय काय फाडले, हे सारे कागदावर लिहून द्यावे. लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर त्याची रोजची चादरही, न धुता, सोबत पाठवावी.