यंत्र आणि स्वातंत्र्य : दोन विज्ञानकथा

यंत्रांनीं मनुष्याचे श्रम वांचविले, हें सर्वमान्य आहे. परंतु त्या सौद्यांत त्याचें स्वातंत्र्य तर गेलें नाहीं ना, हा प्रश्न विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनीं फार लवकर विचारला.

येवगेनी झामियातिन हा रशियन लेखक व्यवसायानें जहाजबांधणीचा इंजिनियर. त्याच्या 'आम्ही' या कादंबरींतील नगरांत घरें कांचेचीं आहेत, माणसांना नांवांऐवजीं क्रमांक आहेत, आणि उठणें, जेवणें, फिरणें सर्व घड्याळाच्या कांट्यावर चालतें. पडदे ओढण्याची मुभा ठरलेल्या तासालाच. शेवटीं कल्पनाशक्ति हीच व्याधि ठरते व ती किरणांनीं जाळून टाकण्यांत येते. ही कादंबरी १९२४ सालीं इंग्रजी भाषांतराच्या रूपानें न्यूयॉर्कला निघाली. लेखकाच्या मायदेशीं ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावें लागलें.

येथें निदान जुलूम करणारा अधिपति डोळ्यांसमोर आहे. त्याच्याशीं भांडतां तरी येतें. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची 'यंत्र थांबतें' ही १९०९ सालची कथा अधिक भयंकर आहे, कारण तींत तसा कोणी सांपडतच नाहीं. वेल्सनें रंगविलेल्या यांत्रिक स्वर्गाला उत्तर म्हणून ती लिहिल्याचें फॉर्स्टरनें पुढें नमूद केलें आहे.

या कथेंत माणसें जमिनीखालीं, मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटीं रहातात. एक बटण दाबलें कीं अन्न येतें, दुसरें दाबलें कीं स्नानाचें ऊन पाणी, तिसरें दाबलें कीं गाणें. वाष्टी नांवाच्या बाईचे परिचित हजारों, पण प्रत्यक्ष भेट कोणाचीच नाहीं. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. निळसर उजळणाऱ्या तबकडींत आईचा चेहरा दिसत असतांहि तो हट्ट धरतो, कीं तूं समक्ष ये. (घरोघर रेडिओ येण्याच्याहि आधीं हें लिहिलें गेलें, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.) तिला जाण्यास मनाई नाहीं, हवाई जहाजें चालू आहेत. परंतु परक्याचा स्पर्श आणि सूर्याचा प्रकाश यांची तिला शिसारी येते. बेडी घालण्याचें कारणच उरलेलें नाहीं.

पुढें यंत्र बिघडूं लागतें. गाण्यांत खरखर येते, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधि सुटते. लोक प्रथम कुरकुरतात, मग त्यांना त्याचीहि संवय होते. तक्रारी ऐकणारी समिति आहे. पण सबंध यंत्र समजणारा मनुष्य जगांत एकहि राहिलेला नाहीं, जो तो आपल्यापुरता तुकडा जाणतो. यंत्राच्या माहितीपुस्तकाची मात्र भक्तिभावानें पूजा होते. अखेर जन्मापासून कानांत घुमत आलेली यंत्राची घरघर एकाएकीं बंद पडते, आणि त्या नुसत्या शांततेनेंच हजारों माणसें जागच्या जागीं मरतात.