पूजेच्या दालनातून लेखनाच्या मेजावर

चीनमधील कांस्यकला म्हटली की कलेतिहासाच्या पुस्तकांतून आपल्यापुढे शांग आणि चौ राजवटींतील भव्य पात्रे येतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पितरांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी ती ओतली गेली. त्यांच्याच कुळातील, पण फार उशिरा जन्मलेली लहान पात्रे मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. ही विद्वानांच्या अभ्यासिकेसाठी घडविलेली पात्रे. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे शब्द आपण किती सहज वापरतो, याचा विचार करावयास ती लावतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

जुन्या पात्रांचा पद्धतशीर अभ्यास चीनमध्ये सुंग काळात (९६०–१२७९) बहरला. पात्रांची चित्रे, मापे व त्यांवरील लेख एकत्र करून लू दालिन याने १०९२ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध केला. पुढे सम्राट हुइझुंग याच्या संग्रहाचीही सचित्र सूची झाली. अशा ग्रंथांच्या आधारे ओतारी जुने घाट पुन्हा घडवू लागले. उपयोग मात्र बदलला. मद्याचा उंच चषक ‘गू’ फुलदाणी झाला, तर अन्नाचे ‘ग्वेइ’ आणि तीन पायांचे ‘डिंग’ यांची धूपपात्रे झाली.

मिंग काळातील (१३६८–१६४४) विद्वानाच्या मेजावर कुंचला, कागद, शाई आणि ती उगाळण्याचा दगड असे. त्यांच्या सोबतीला कुंचला टेकविण्याचे डोंगराच्या आकाराचे टेकण, थेंबथेंब पाणी देणारी लहानशी झारी, कागदावरचे वजन आणि धूपपात्र. धूपपात्रातील राखेत निखारा पुरून वर अभ्रकाचा पातळ तुकडा ठेवीत व त्यावर सुगंधी द्रव्य तापवीत. त्यामुळे धूर कमी आणि दरवळ अधिक. नक्षीपेक्षा घाटाचा डौल आणि धातूचा खोल, उबदार रंग यांनाच रसिक अधिक मान देत.

अशा अनेक धूपपात्रांच्या तळाशी सहा अक्षरे असतात: ‘महान मिंग राजवटीच्या श्वान्दे कारकिर्दीत घडविलेले’. ही कारकीर्द १४२६ ते १४३५ ची. सयामहून आलेल्या तांब्यापासून सम्राटाने १४२८ मध्ये उत्तम पात्रे करविली, अशी परंपरागत कथा आहे. ती सांगणारा ग्रंथ मात्र उत्तरकालीन असावा, असे आधुनिक अभ्यासक मानतात. आणि ही मुद्रा असलेली बहुतेक पात्रे सतराव्या शतकातील वा त्यानंतरची आहेत. एवढेच नव्हे, तर अनेकांत जस्ताचे प्रमाण इतके आहे की आपल्या भाषेत त्यांना कांसे न म्हणता पितळ म्हणावे लागेल!

मग हे सारे खोटे म्हणावयाचे काय? गिऱ्हाइकाला फसविण्यासाठी कोरलेली मुद्रा ही लबाडीच, यात शंका नाही. परंतु मान्य झालेल्या आदर्शाचे नाव आदराने कोरण्याची रीतही चीनमध्ये होती. दुसरीकडे, मिंग काळाच्या अखेरीस हू वेनमिंग हा कारागीर प्राचीन वळणाच्या पात्रांवर स्वतःचे नाव कोरीत असे. घाट जुना, हात आपला, हे तो उघडपणे सांगत होता.

माझ्या मते तळाची अक्षरे वाचण्यापूर्वी पात्र पाहावे: त्याचा तोल, कडेची जाडी, पायांची ठेवण. अक्षरे पूर्वजांचे नाव सांगतात. कारागिराची योग्यता मात्र पात्रच सांगते. परंपरेशी नाते सांगणाऱ्या आपणा सर्वांनाच ही कसोटी लागू आहे.